जायची साडी

डांबराच्या गोळ्यांचा वास आणि ऑक्टोबरचं रणरणतं ऊन एकत्र आलं, की माझं डोकं फिरतं. वाळत घातलेल्या बोंबलांच्या उग्र दर्पालाही बाजूला सारून तो थंड, तिखट, पेटीत कोंडलेला गंध परसातून थेट माझ्या चुलीपाशी येतो आणि मी ओळखते, की शेजारच्या फिलूने आमच्या सामाईक दोरीवर ‘जायची साडी’ टाकली. जायची म्हणजे कुठे? तर वर! लग्नातली ती सायीच्या रंगाची, बारीक जरीकाठाची साडी फिलूने स्वतःच्या दफनासाठी राखून ठेवली आहे. नोव्हेंबरात त्यांचा, ख्रिस्ती लोकांचा, मृतांचा दिवस येतो, कबरींना चुना लागतो, मेणबत्त्या पेटतात; आणि त्याआधी दरसाल ही बाई आपल्या मरणवस्त्राला ऊन दाखवते. लोक पापडांना ऊन दाखवतात हो, गाद्यांना दाखवतात!

रेवदंड्यात आमच्या दोघींची परसं पाठीला पाठ लावून आहेत. मी शाळेतून निवृत्त झालेली, लग्नाच्या वाटेला न गेलेली. ती विधवा, पोटी मूल नाही. ती रविवारी चर्चला जाते, मी पौर्णिमेला पांढरी साडी नेसून विहारात. संध्याकाळचा चहा मात्र वर्षानुवर्षं एकाच पायरीवर होतो. तिच्याशी भांडले नाही, तर माझा दिवस मावळत नाही.

गेल्या वर्षी चहाचा कप उचलतानाच तिला धाप लागू लागली. अलिबागच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची झडप अरुंद झाली आहे, मुंबईला जाऊन शस्त्रक्रिया करा, उशीर करू नका. मी हबकले, आणि ही हसली! “अगो मास्तरीणबाय, मना कशाला भ्या घालतंस? त्यानं माजी जागा धरून ठेवलीय.” एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून कुणी जागा धरावी, इतक्या सहजपणे प्रत्यक्ष तारणहाराने स्वर्गात हिची जागा धरली आहे, आणि त्यात हिला तिळमात्र संशय नाही.

आता सांगा, अशा माणसाशी वाद घालायचा तरी कसा? मृत्यूच्या भयाने व्याकूळ झालेल्याला धीर देता येतो. पण ज्याच्या मनात भयाला उभं राहायलाही जागा नाही, त्याच्यापुढे आपण काय बोलावं? मी म्हटलं, जागा पक्की आहे ना, मग ती कुठे पळून जाते? दहा वर्षांनी जा! तर म्हणाली, “बोलावल्यावर थांबायचं न्हाय.” बोलावलं कुणी, तर अलिबागच्या डॉक्टरांनी? तिची ती निश्चल, प्रसन्न श्रद्धा पाहून मला हेवा वाटायला हवा होता, वाटला संताप. कारण त्या साऱ्या सोहळ्यात माझा कुठे पत्ताच नव्हता. आम्हा बौद्धांना मुळात आत्माच नाही, तर जागा कुठून धरणार! सारं अनित्य आहे, हे मी लहानपणापासून म्हणत आले. पण पायरीवरच्या दोन कपांतला एक कप अनित्य आहे, हे मात्र मला मुळीच मान्य नव्हतं. ती जाणार आनंदाने, आणि इथे भांडायला मी कुणाला आणायचं?

शेवटी मी तिच्या वर्मावर बोट ठेवलं. त्यांच्यात मेलेल्या बाईला घरातली बाई न्हाऊ घालते, नेसवते. फिलूच्या घरात बाई नाही, म्हणून तिने ते काम फार पूर्वीच माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं. निऱ्या कुठे काढायच्या, पदर कसा घ्यायचा, सगळं मला नेसवून नेसवून शिकवलं होतं. मी सरळ सांगून टाकलं, ऑपरेशन करणार नसलीस, तर मी तुझ्या साडीला हात लावणार नाही. कुणी परकी बाई येऊन गुंडाळेल तुला घाईघाईत. जा तशीच त्याच्यासमोर!

आणि काय सांगू! जी बाई मरणाला भ्याली नाही, ती निऱ्यांना भ्याली. तिचा चेहराच उतरला. स्वर्गाची ज्याला एवढी खात्री, त्याने साडीच्या नेसणीसाठी कासावीस व्हावं? दोन दिवस ती पायरीवर आली नाही, आणि तिसऱ्या दिवशी चहा घेताना पुटपुटली, “चल तुज्या मुंबयला.”

ऑपरेशन थिएटरमध्ये ती हात हलवत गेली, आणि मी बाहेरच्या बाकावर बसले. जाताना पिशवी माझ्या हाती दिली होती. उघडली, तर तोच वास! बया साडी सोबत घेऊन आली होती; न जाणो, लागली तर. इतका राग आला, की रडू फुटलं. दार उघडेपर्यंत मी ती साडी मांडीवर घेऊन बसले होते. मला प्रार्थना येत नाही, येते ती वंदना. तीही निम्म्यावर विसरले. शुद्धीवर आल्यावर फिलूने क्षीण आवाजात पहिला प्रश्न विचारला, तो साडी चुरगळली का, हा.

आज पुन्हा ऑक्टोबर आहे. सकाळी तो गंध आला, आणि मी नेहमीसारखी चडफडत परसात गेले. दोरीवर सायीच्या रंगाची साडी होती. तिच्या शेजारी, काठाला काठ लावून, माझी विहारात नेसायची पांढरी साडी वाळत होती. माझ्या कपाटातून, मला न विचारता काढलेली. फिलू पायरीवर बसून बोंबलांवरचे कावळे हाकलत होती. मी जाब विचारायला तोंड उघडलं, तर माझ्याकडे न बघताच म्हणाली, “तुज्यात जागा न्हाय ना कोन धरीत? मग मी धरीन. आदी चा टाक.”

काय हा आगाऊपणा! मी तरातरा आत गेले आणि दोन कप चहा टाकला.