केस वाळायला दीड तास

केस धुऊन गच्चीवर बसलेल्या बायकांना दुसरं काही करताच येत नाही. भाजी निवडायला घ्यावी तर त्यात पाणी टपकतं, वाचायला घ्यावं तर बटा डोळ्यांवर. मग उरतं ते बोलणं! लांब केस वाळायला दीड तास लागतो. असे वर्षानुवर्षांचे दीड दीड तास धरा, किस्से साठणार नाहीत तर काय होणार?

त्यात आमच्याकडे भाईंदर पूर्वेला, जेसल पार्कात, पाणी एक दिवसाआड. म्हणजे पाणी येईल त्या दिवशी आख्ख्या बिल्डिंगच्या बायका न्हाणार आणि साडेनऊला सगळ्या एकदम गच्चीवर. ही गोष्ट दोन हजार चार-पाच सालातली.

बहुतेक किश्श्यांच्या मुळाशी एकच बाई. तिसऱ्या मजल्यावरच्या मंदाताई सुर्वे. मूळ रत्नागिरीकडच्या, वय पंचावन्न, केस गुडघ्यापर्यंत. खोटं नाही सांगत, मी स्वतः टेप लावून मोजलेत. त्या वर्षी जिन्यात पाय घसरून त्यांचा उजवा हात मोडला आणि हे केस राहतात की कापावे लागतात, ह्या काळजीनं आमच्या घशाखाली घास उतरेना. तिथवर येतेच. पण आधी ते केस तुम्हाला कळायला हवेत.

*

मी इथे राहायला आले त्या आठवड्यातली गोष्ट. गच्चीवर ओणवी होऊन, टॉवेलानं केस फटाफट झोडपत होते. आमच्या घरी सगळ्या तसंच करायच्या. मागून आवाज आला, "अहो, त्या केसांनी तुमचं काय वाईट केलंय?"

वळून बघते तर मंदाताई. ओळख ना पाळख, माझ्या हातातला टॉवेल काढून घेतला आणि एक जुना मऊ कपडा दिला. त्यांच्या सासऱ्यांचं धोतर! धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं. त्याचे चार तुकडे करून ठेवले होते.

"चोळायचं नाही. खालून शेंड्यांपासून धरायचं, दाबायचं, सोडायचं. असं वर वर यायचं. पाणी आपणहून येतं कपड्यात."

"आणि टॉवेल?"

"तो पायांना!"

*

आमच्या बिल्डिंगखालच्या गाळ्यात हेतलबेनचं पार्लर. तिनं नवा हेअर ड्रायर आणला आणि मंदाताईंना मुद्दाम बोलावलं. "मंदाबेन, बसा ने. दहा मिनिटमां सगळं ड्राय! गच्चीवर कशाला जायचं?"

मंदाताई बसल्या नाहीत. ड्रायर चालू करायला लावला आणि त्याच्यासमोर आपला तळहात धरला. बराच वेळ. मग हात मागे घेऊन गंभीरपणे म्हणाल्या, "पापड छान भाजले जातील!"

हेतलबेन हसून हसून खुर्चीत बसली. पण चारच दिवसांनी तीच डोक्याला ओला रुमाल बांधून गच्चीवर हजर! "कोई को बोलना मत हां, माझा धंदा बसेल."

दुसऱ्या कुणी चारचौघींत फिरकी घेतली असती. मंदाताईंनी तिला धोतराचा तुकडा दिला आणि हळूच सांगितलं, "गिऱ्हाईक घाईत असलं तर लाव की ड्रायर. पण हातभर लांब धर, गार हवा ठेव आणि अर्धे केस वाऱ्यावर वाळल्यावरच लाव." तेव्हापासून पार्लरमध्ये ती हेच सांगायची, "आमची स्पेशल मेथड"! मंदाताईंना कळलं तर म्हणाल्या, "सांगू दे. केस तर वाचतात ना पोरींचे."

*

आता माझा किस्सा. सांगायला लाज वाटते, पण सांगते.

माझी खात्री होती की ही बाई काहीतरी लावते आणि लपवते. एवढे केस नुसत्या पाण्यावर येतात होय? एके दिवशी बादली मागायच्या निमित्तानं त्यांच्या बाथरूममध्ये शिरले. फळी बघितली, खिडकी बघितली, साबणाच्या डबीमागेसुद्धा हात घातला. शिकेकाईचा डबा, खोबरेल तेल आणि मोठ्या दातांचा लाकडी कंगवा. बस. माझ्या घरातही ह्याहून जास्त होतं!

बाहेर आले तर मंदाताई दारात उभ्या.

"काय सापडलं?"

"काही नाही हो," मी पुटपुटले.

"तेच तर. केसांना जरा त्यांच्या मनासारखं राहू द्यावं. आपण सारखं काहीतरी करतच असतो त्यांचं." आणि वर म्हणाल्या, "बादली घे. मागायला आली होतीस ना?"

*

चौथ्या मजल्यावरची रूपाली कॉल सेंटरला लागली. दुपारी तीनला न्यायला सुमो यायची. एकदा पाणी उशिरा आलं, पोर उशिरा न्हाली आणि केसांतून पाणी गळत असताना वेणी घालायला लागली. खाली हॉर्नवर हॉर्न!

मंदाताईंनी तिच्या हातातून वेणी सोडवली आणि स्वतः जिने उतरून सुमोपाशी गेल्या. आम्ही सगळ्या बाल्कनीत.

"भैया, दस मिनिट रुको. लडकी का बाल गीला है."

"आंटीजी, लेट मार्क लगेगा!"

"गीला बाल रबर के माफिक होता है. खिचेगा और टूटेगा. बांधने का नहीं. तुम्हारे घर में लडकी है की नहीं?"

ड्रायव्हरनं हॉर्नवरचा हात काढला. मंदाताईंनी रूपालीला खिडकीशी बसवलं, सीटच्या पाठीवर धोतराचा तुकडा टाकला, त्यावर केस मोकळे पसरले आणि हुकूम सोडला, "एसी बंद, काच थोडी खुली. और गाडी संभाल के."

तिसऱ्याच दिवशी पाण्याचा वार. सुमो दहा मिनिटं आधीच आली आणि ड्रायव्हर खालून आख्ख्या बिल्डिंगला ऐकू जाईल असा ओरडला, "रूपाली मॅडम, बाल सूखे क्या?"

*

आणि मग तो हात मोडला. मनगटापासून कोपराच्या वरपर्यंत प्लॅस्टर, दीड महिना. न्हायला घालायला रूपाली होती. पण न्हाल्यावर काय? एवढे केस एका हातानं टिपायचे कसे, गुंता काढायचा कसा?

रूपालीनं केलं तर घाईघाईत. मी केलं तर कंगवा वरून घातला, केस तुटल्याचा आवाज मलाच ऐकू आला. मंदाताई आम्हाला चार वेळा ओरडल्या, पाचव्यांदा ओरडल्या नाहीत. त्याचीच मला भीती वाटली. तिसऱ्या आठवड्यात केसांत मुठीएवढी जट झाली. त्यांची मुलगी फोनवर म्हणाली, "आई, काप ना गं सरळ. परत येतील." पंचावन्नाव्या वर्षी कुठले परत येतात?

त्या दिवशी गच्चीवर मंदाताई एवढंच म्हणाल्या, "हेतलला बोलवा."

हेतलबेन आली. कात्री रुमालात गुंडाळून आणलेली. "मंदाबेन, खांद्यापर्यंत ठेवू ने?"

"ठेव तुला वाटेल तेवढे," मंदाताई म्हणाल्या आणि टाकीकडे तोंड फिरवलं.

टाकीच्या सावलीत सुर्वे भाऊजी बसले होते. त्यांच्याबद्दल मी काही सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही नव्हतंच! रिटायर माणूस. दर वेळी बायकोचं स्टूल वर आणून द्यायचे, समोर पेपर उघडायचे आणि ती उठेपर्यंत, दीड तास, पेपरामागे. आम्हाला त्यांचा चेहरा नीट ठाऊक नव्हता.

भाऊजींनी पेपराची घडी घातली. उठले. माझ्या हातातला धोतराचा तुकडा घेतला आणि मंदाताईंच्या मागे खाली बसले. शेंड्यांपासून धरलं, दाबलं, सोडलं. पुन्हा थोडं वर. मग जटेशी आले. कंगव्याला हात लावला नाही. बोटांनी, खालच्या टोकाकडून, एकेक केस सोडवत राहिले. मुळाशी ओढ बसू नये म्हणून दुसऱ्या हातानं बट जटेच्या वर घट्ट धरलेली. ते मंदाताईंनी आम्हाला कधी शिकवलंही नव्हतं, त्या स्वतः मात्र तसंच करायच्या!

आम्हा सगळ्यांच्या चुका काढणारी बाई डोळे मिटून बसली होती.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. जट सुटली. हेतलबेननं कात्री परत रुमालात गुंडाळली.

माझ्यानं कुठलं राहवतंय! म्हटलं, "भाऊजी, हे तुम्ही शिकलात कधी?"

त्यांनी मान वर केली नाही. पुढची बट हातात घेतली आणि म्हणाले, "पेपर दहा मिनिटांत वाचून होतो, वहिनी."