न मोजणारे मामा

मी आज जो काही आहे तो माझ्या मोठ्या मामांमुळे, आणि त्यांच्याइतका हट्टी मेंढपाळ साखऱ्याच्या शिवारात दुसरा झाला नसेल. मामा कधीच काही मोजत नसत. मोजलेल्या जित्राबाला नजर लागते, असं त्यांचं म्हणणं. तलाठ्याने "मेंढरं किती?" विचारलं की म्हणायचे, "मोजत न्हाई सायेब, वळखतो." संध्याकाळी मेंढरं कोंडायच्या जाळीच्या तोंडाशी उभे राहून ते पुटपुटत, फाटक्या कानाची आली, तांबड्या तोंडाची आली, आणि न आलेली त्यांना बरोबर कळे. हाच नियम त्यांनी साऱ्या जगाला लावला होता. मॅट्रिकला मला बासष्ट टक्के पडले तर म्हणाले, "मार्क राहू दे. तुझ्या संगं कोन कोन पास झालं ते सांग." हिंगोलीच्या कॉलेजात मला सोडायला आले तेव्हा प्राचार्यांना बजावलं, "भुवईवर वण हाय, जरा बुजरं हाय. सुट्टीला बराबर वापस धाडा." प्राचार्यांनी ते गंभीरपणे लिहून घेतलं.

पुढे दिल्लीला स्वाहिली शिकलो आणि बहात्तरच्या दुष्काळानंतर मसाई गुराख्यांची बोली टिपायला केनियात गेलो. मुदत सहा महिन्यांची. रिकाम्या हाताने परतलो असतो तर शिष्यवृत्ती बंद आणि शिकणंही. छापील प्रश्नावलीतला पहिलाच प्रश्न होता, गुरं किती? तो ऐकला की लोक उठून जात. चार महिने वह्या कोऱ्या. मग एका संध्याकाळी काटेरी कुंपणाच्या तोंडाशी एक म्हातारा उभा दिसला. गुरं आत शिरत होती आणि त्याचे ओठ हलत होते. ते ओठ मी लहानपणापासून पाहिलेले. प्रश्नावली पिशवीत घातली आणि मोडक्यातोडक्या बोलीत विचारलं, "पांढऱ्या कपाळाची आली का?"

म्हातारा वळला. "ती रोजच मागे राहते. तू कुणाचा रे?"

"मेंढपाळाचा भाचा."

मग दोन महिने तो रंगांचे, शिंगांचे, चालींचे शब्द सांगत राहिला आणि वह्या पुरेनात. त्याच शब्दांवर माझा प्रबंध उभा राहिला, मी डॉक्टर झालो, त्या भाषा शिकवू लागलो. परीक्षकांनी विचारलं, ही पद्धत कुठली? म्हणालो, आमच्या मामांची.

पण ते नंतर. म्हातारा भेटला त्या आठवड्यातच मी मामांना पत्र धाडलं. गावच्या गुरुजींनी ते त्यांना जाळीपाशी वाचून दाखवलं:

"ती. मामांस सा. न. इथली माणसंही मोजत न्हाईत, वळखतात. माझं काम मार्गी लागलं. वापस यायला किती दिवस, ते मी मोजलं न्हाई. सांजच्याला मेंढरं आत घेताना माझंबी नाव घेत जा. म्हणा, भुवईवर वण असलेलं तेवढं मागं हाय, पन येऊन राहिलं."