तळहातावर घेतलेली गोळी

माझ्या उपवासांचं लकडगंजच्या आमच्या गल्लीत आणि भजनी मंडळात मोठं कौतुक होतं, आणि ते सगळं थोतांड होतं, हे आधीच सांगून टाकते. सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. उरलेल्या वारांना एकादशी नाहीतर चतुर्थी गाठायची. खरी गोष्ट अशी, की पोळीचा घास छातीच्या मधोमध अडकायचा आणि ते कुणाला कळू नये म्हणून मी दूध-ताकावर दिवस काढत होते. तेव्हा मी अडुसष्ट वर्षांची पोर होते, अक्कल यायला वेळ होता. बायका पाया पडायच्या आणि ही ठमाबाई डोळे अर्धे मिटून आशीर्वाद द्यायची! मुलगा मिहानमधल्या कंपनीतून कामावरून आला की म्हणायचा, "आई, काहून एवढी वाळून राहिली तू?" मी म्हणे, "तप आहे रे बाप्पा."

लपवायचं कारण माझी थोरली जाऊ. तिलाही असंच अडकायचं. दुर्बीण घातली, अन्ननलिकेत गाठ निघाली, आणि ती दवाखान्यातून घरी आलीच नाही. माझ्या मनानं घेतलं, की पाहिलं की सापडतं. पाहिलंच नाही तर देव सांभाळून घेईल. रोज दिवा लावताना त्याला म्हणायची, तुला तर माहीतच आहे, आता दुसऱ्या कुणाला सांगायला लावू नकोस.

पण उपवास धरले की कधीतरी उद्यापन करावं लागतं, हे मी विसरले होते. माझ्या सुनेनं, वैशालीनं, ते हौसेनं केलं. बायका जेवायला बोलावल्या, पुरणपोळ्या केल्या, आणि सगळ्यांनी आग्रह धरला, पहिला घास तुम्ही घ्या. तो पहिलाच घास अडकला. पाणी उतरेना, थुंकी उतरेना. भरल्या पंगतीतून मी मोरीकडे पळाले, तेव्हा कुठे तो उलटून पडला. वैशाली पाठ चोळत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ऑटो बोलावला.

डॉक्टरांनी दुर्बिणीचं नाव काढताच मी पदर डोक्यावर घेऊन उठलेच. त्यांनी बसवलं. म्हणाले, "आजी, दुसरा एक उपाय आहे. बारीक दोरा बांधलेली कॅमेऱ्याची गोळी आहे. पाण्यासोबत गिळायची, ती आतले फोटो काढते, मग दोऱ्यानं वर ओढून घेतो. बेशुद्ध करायची गरज नाही." आधी पांढरं औषध पाजून एक्स-रे काढला, वाट बंद नाही याची खात्री केली. आता फक्त गिळायचं होतं, आणि गिळणंच तर माझ्याच्यानं होत नव्हतं. गोळी जिभेवर, दोरा ओठातून लोंबतोय, आणि गळा मूठ आवळावी तसा आवळलेला. थुंकून टाकली. "जरा बाहेर बसा, मग पाहू," डॉक्टर म्हणाले. मी बाहेर आले ते घरी जायचं ठरवूनच. वैशाली पाण्याची बाटली आणायला गेली होती, म्हणून थांबले, एवढंच.

बाकड्यावर कुही गावाकडची एक म्हातारी नवऱ्याची वाट पाहत बसली होती. मला म्हणाली, "काय वं बाई, काहून रडून राहिली?" कधी नव्हे ते मी सगळं बोलून टाकलं, परक्या माणसाजवळ खोटं बोलायचं काही कारण नव्हतं. तिनं तंबाखूची डबी कनवटीला खोचली आणि म्हणाली, "देवळात तीर्थ घेतं तवा गळा आवळते का तुया? तवा तं हात पुढं करतं, डोये मिटतं अन् घेऊन टाकतं. तसंच घे ना वं. पाहणारा तोच हाय."

एवढंच. पण माझ्या आत काहीतरी सैल झालं. आत जाऊन मी उजवा हात पुढे केला, खाली डावा धरला. डॉक्टर क्षणभर गोंधळले, मग त्यांनी गोळी तळहातावर ठेवली. मी डोळे मिटले. म्हटलं, देवा, आजवर तुला झाकून ठेवायला सांगत होते. आता तूच बघ, जे असेल ते. पाण्याचा घोट घेतला, आणि गोळी गेली. दोरा सळसळत आत जाताना कळत होता, गुदगुल्या कराव्यात तसा.

"गाठ नाही आजी," पडद्याकडे पाहत डॉक्टर म्हणाले. "सूज आहे, चरे पडलेत. औषधानं आटोक्यात येईल." नक्की कारण कळावं म्हणून पुढे दुर्बिणीनं आतला इवलासा तुकडाही तपासायला काढला, पण तोवर माझी भीती पळाली होती. आज मी पोळी खाते, हळू आणि नीट चावून.

असल्या गोष्टींत मदत करणारं माणूस नंतर नाहीसं होतं, असं मी ऐकलं होतं. ही कुठली नाहीशी होतेय! त्या दिवशी मी बाहेर आले तर बाकड्यावर तोंड उघडं टाकून घोरत होती. मी पायांना हात लावला तशी दचकली. "काय झालं वं?" "काही नाही निघालं, बाई." "मंग पाया काहून पडतं? जा, जेव." देव होता की कुहीची बाई, मी विचारत बसले नाही. आपण देवाच्या पायाशी सगळं ठेवलं म्हणतो आणि एक मूठ मागे लपवून ठेवतो. ती मूठ उघडायला मला तिनं लावली, हे माझ्यावर उपकारच.

परतताना ऑटोत मी वैशालीला उपवासांचं सगळं कबूल केलं. ती डोळे पुसून म्हणाली, "आई, देवाले सांगाच तुम्ही, पण कधी मलेही सांगत जा. मी तं बाजूच्याच खोलीत असते."