शून्य पायऱ्यांचं घर

मेधावहिनींचा फोन आला तेव्हा मी विरारला एका मेडिकलवाल्याची ऑर्डर लिहून घेत होतो. "भावजी, हे उठत नाहीयेत…" एवढंच बोलल्या. तुळिंजला त्यांच्या घरी पोचून चार जिने चढेपर्यंत माझा मित्र सुहास गेला होता. चार दिवस छातीत कफ होता, पण दवाखान्यात जायला तयार नव्हता. अपघातात त्याचं कमरेखालचं शरीर लुळं पडलं, त्याला अडीच वर्षं झाली, आणि इमारतीला लिफ्ट नाही. एकदा आम्ही चौघांनी त्याला चाकांच्या खुर्चीसकट खाली नेलं, तर म्हणाला, "गणपतीसारखं नेताय रे, फक्त मोरया कुणी म्हणत नाही." आम्ही हसलो. तो हसला नाही. त्यानंतर मला कुणी उचलायचं नाही, हा त्याचा हट्ट. गाढवासारखा हट्टी माणूस!

डेटाबेस हे त्याचं पोटापाण्याचं काम, ते घरूनच चालायचं. उरलेला वेळ तो, खुर्चीवरून स्वतःच आत-बाहेर करता येईल असं घर शोधत, भाड्याच्या घरांच्या वेबसाइटी उपसायचा. मला म्हणाला, "बघ, प्रत्येक जाहिरातीचं पान एकाच साच्याचं. मजला, लिफ्ट, भाडं, सगळं ठरल्या जागी. म्हणजे मुळात हा एक मोठा तक्ताच आहे, यांनी पानं पानं करून फाडलाय. मी तो परत जोडतो आणि मला हवं ते विचारतो." एका साइटवर मजला असायचा, दुसरीवर त्याच घराची लिफ्ट. याचा प्रोग्रॅम ती दोन पानं बरोबर एकत्र आणायचा. वसई-विरारमधलं प्रत्येक रिकामं घर त्या चौथ्या मजल्यावरच्या खोलीत येऊन बसलं होतं, आणि हा मात्र तिथून हलू शकत नव्हता. माझा तर त्या खोलीत गेलं की दहा मिनिटांत जीव घाबरायचा.

पण 'लिफ्ट आहे' म्हणणाऱ्या इमारतीत लिफ्टपर्यंतच सहा पायऱ्या निघायच्या. हे कुठली साइट सांगणार? म्हणून त्यानं पायऱ्यांचा रकाना स्वतः घातला, आणि तो भरायचं काम माझ्या गळ्यात. मी स्कूटरवर दिवसभर भटकणारा, जाता जाता मोजायचो. कधी तीन, कधी सात. रोज सकाळी तो तक्त्याला एकच प्रश्न टाकायचा… पायऱ्या शून्य. रोज उत्तर यायचं, एकही नाही. "अरे, पाऊस तुंबतो म्हणून सगळ्यांनी जोती उचललीत, शून्य कुठून आणू?" मी एकदा चिडून ओरडलो. तो म्हणाला, "तू मोजत राहा."

परवा वहिनी म्हणाल्या, "मला नाही राहवत आता या खोलीत. खालचं काहीतरी बघा." तक्ता उघडला. वसईतल्या होळी भागातलं एक बैठं घर अजून रिकामंच होतं. पुढे माझा आकडा, एक. तडक गेलो. मालक वाडीतून स्कूटरवर येत होते. त्यांनी पडवीतून एक रुंद फळी ओढली, पायरीला टेकवली आणि आपली स्कूटर सरळ आत ढकलली.

"काका, ही फळी…?"

"पयल्यापासून हाय. गाडी आत न्यायला लागते ना."

मी तिथेच पायरीवर बसलो. एकच पायरी असलेली अकरा घरं होती त्या तक्त्यात. त्याचा प्रश्न ती रोज गाळत होता. तो चौथ्या मजल्यावर अडकलेला, त्याला कसं दिसणार? पण मी तर तेव्हा इथे उभा होतो… एक मोजलं, लिहिलं आणि निघून गेलो.