माया मॅडमचा उजवा हात

नागपुरातल्या इंदोऱ्यात माया गजभियेंच्या घराच्या पुढच्या खोलीत शिवणाचा वर्ग भरतो. पायाच्या मशीन इतक्या दाटीने मांडलेल्या, की मधून जाताना मायाबाईंना अंग चोरावं लागतं. त्यांचं अंग काही चोरण्यासारखं नाही. पोरी हसतात, त्याही हसतात.

मायाबाईंच्या हाताखालची पोट्टी ब्लाऊज कापून, शिवून, अस्तर लावून, हूक टाकूनच बाहेर पडायची. अर्धवट काम त्यांना खपत नसे. पहिल्या दिवसाचा धडा ठरलेला: उजवा हात चाकावर. चाक हाताने फिरवून मशीन सुरू करायची आणि थांबवायचीही हातानेच. नाहीतर चाक उलटं फिरतं, दोरा तुटतो.

अलीकडे मात्र शिकलेल्या पोरी घरीच बसू लागल्या. मोहल्ल्यात ब्लाऊज शिवायला टाकणाऱ्याच कमी झाल्या. म्हणून बुटीबोरीला शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात मुली हव्यात असं कळलं, तेव्हा मायाबाईंनी आपल्या निवडक पोरी पाठवल्या. त्यात सोनिका होती, वर्गातली सगळ्यात तरबेज. ती मौद्याची, इथे मावशीकडे राहायची. नोकरी लागली नाही तर दिवाळीनंतर गावी परत, असं घरच्यांनी बजावून ठेवलं होतं.

संध्याकाळी सगळ्या तोंड पाडून आल्या. एकीलाही घेतलं नव्हतं.

"काहून वं?" मायाबाईंनी विचारलं.

"पाय टेकला की मशीन पळतेच, मॅडम," सोनिका म्हणाली. "कुत्रं मागं लागल्यावानी. अन् तो सुपरवायजर आमच्याकडे पाहून हसून राहिला होता."

मायाबाईंना ते लागलं. दुसऱ्या दिवशी बस धरून त्या बुटीबोरीला पोचल्या. सुपरवायजर सौरव, तिशीतला, बोलायला मोकळा.

"पोरींच्या हातात सफाई आहे जी," तो म्हणाला. "पण सगळ्यांचा उजवा हात चाकावर जाते. इथं दोन्ही हात कापडावर पाहिजेत. मोटर पायानं चालते, पायानंच थांबते. ह्या सगळ्यांले एकाच बाईनं बिघडवलं असन."

"मीच ती बाई."

सौरवने घाईघाईने चहा मागवला. चहा येईपर्यंत तो नीट बोलू लागला. "मले माणसं पाहिजेतच, मॅडम. बाहेरून येते त्या पोरीले आम्ही आधी जुनं विसरवतो, मग नवं शिकवतो. तेवढ्यात ती कंटाळून जाते. तुम्ही ही सवय मोडून आणा, मी पुन्हा पाहतो."

"मोडीन. पण आधी मले बसू द्या मशीनवर."

"तुम्हाले?"

"मले येत नाही ते मी पोरींले काय शिकवू?"

सकाळी कारखाना, दुपारी वर्ग, असं सुरू झालं. कारखान्यात त्या शर्टाचे खिसे शिवायला बसल्या. शेजारच्या मशीनवर रीना होती, त्यांच्या मुलीच्या वयाची. मायाबाईंचा हात चाकाकडे निघाला की ती पट्टीने हलकेच टोचायची.

"मॅडम, हात."

"गेला का गा बापा पुन्हा?"

"तुमचा हात तुमचंच ऐकत नाही वाटते."

रोज टोचणी खाऊन मायाबाईंच्या एक लक्षात आलं. हाताला नुसतं 'जाऊ नको' म्हणून तो राहत नाही. रिकामा हातच जुन्या जागी जातो. मग त्यांनी त्याला काम दिलं: उजव्या हाताचं बोट खिशाच्या दुमडीवर, सुईच्या जरा अलीकडे, शिवण संपेपर्यंत उचलायचं नाही. हळूहळू रीनाची पट्टी टेबलावरच पडून राहू लागली.

सौरवने कारखान्यातली एक जुनी मोटरची मशीन वर्गाला वापरायला दिली. तिला जागा करायला पायाची एक मशीन स्वयंपाकघरात गेली. पोरी आधी बिनदोऱ्याने कागदावरच्या रेघांवर चालवायच्या, मग चिंध्यांवर. बाकीच्यांना लवकर जमलं. अडली ती सोनिका. तिच्या हातात जुनी सवय सगळ्यांत पक्की होती.

"तुम्हीच तर शिकवलं होतं, मॅडम," ती रडवेली होऊन म्हणाली.

"हो ना वं. म्हणून मीच बसली तुझ्याजवळ. ठेव बोट."

कारखान्यात पुन्हा परीक्षा झाली त्या दिवशी मायाबाई दाराशी उभ्या होत्या. सोनिकाचा पहिला खिसा नीट गेला. दुसऱ्याच्या कोपऱ्यावर तिचा हात उचलला, हवेत थबकला. हात परत दुमडीवर आला. सौरवने खिसा उलटासुलटा करून पाहिला आणि सोमवारपासून यायला सांगितलं. आणखी तिघींनाही घेतलं. दोघी राहिल्या, त्यांना मायाबाईंनी त्याच दुपारी मोटरच्या मशीनवर बसवलं.

महिन्याभराने एका रविवारी सोनिका पेढे घेऊन आली. पेढा मायाबाईंच्या तोंडात घालता घालता तिने कुरकुर केली.

"दिवसभर खिसेच शिवून राहिली मी. अख्खा शर्ट कसा होते, माहीतच नाही पडत."

मायाबाईंनी पेढा संपवला, हात धुतले आणि कपाटातून पांढरं कापड काढलं.

"बस इथं. आज कॉलर कापू."