वाकड्या करंगळीचा हात

इंजिनचा ब्लॉक दुसऱ्यांदा परत आला, तेव्हा रंगाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"मास्तर, इंजिन तापलं की रंग सापाच्या कातीसारखा सुटतोय," गॅरेजमालक म्हणाला. "गिऱ्हाईक माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटतंय. आता पुन्हा सुटला तर काम दुसरीकडे देईन. तुमचा हात असा नव्हता हो."

घराच्या मागच्या खोलीत रंगाऱ्याचं काम चाले. बायको सगळं विसरत चालली होती. तिला एकटं ठेवायची सोय नव्हती. सोबतीला आलेल्या शेजारणीला तिने चोर म्हणून हाकललं होतं. हे काम सुटलं की बाहेर नोकरी धरावी लागणार, आणि मग तिला वृद्धाश्रमात ठेवावं लागणार. मुलीने जागाही पाहून ठेवली होती. "बाबा, तुम्ही एकटे कुठे कुठे पुरे पडणार?" ती विचारायची.

त्याने ब्लॉक उजेडाकडे वळवला. रंग सगळीकडचा गेला नव्हता, एकाच जागी गेला होता. ब्लॉक ॲल्युमिनियमचा, आणि ॲल्युमिनियम मोठं मानी. घासून, थिनरने पुसून झालं की त्याला कुणाचा हात खपत नाही. तळव्याचं तेल लागलं की रंगाखालचा प्रायमर तिथे धरतच नाही. आणि इथे तर चार बोटं, तळवा आणि बाहेर वळलेली करंगळी, सगळं स्वच्छ उमटलं होतं.



बायकोची ती करंगळी इंजिनचं झाकण पडून मोडली होती, याच खोलीत. वर्षानुवर्षं ब्लॉक ती घासायची आणि तो रंगवायचा. घासून झालं की ती त्यावर हात फिरवायची, शेवटचं थिनरचं फडकं मारायची आणि म्हणायची, "घ्या, झाला." आता तो मास्क बांधायला वळला की ती येऊन हात फिरवत असणार. हात फिरवणं तिच्या लक्षात राहिलं होतं, फडकं राहिलं नव्हतं.

"अगं, ब्लॉकला हात लावू नकोस."

"मी कुठे लावते? उगाच आळ घेऊ नका माझ्यावर."

त्याने रबरी हातमोजे दिले. तिने ते उलटसुलट करून पाहिले. "मी काय डॉक्टरीण आहे?" ती हसत म्हणाली आणि बाजूला टाकले. तो हसला. ती हसल्यावर त्याला हसू यायचंच.

त्याने जुना रंग काढून ब्लॉक पुन्हा घासला, रंगाची बंदूक आधीच भरून ठेवली, शेवटचं फडकं स्वतः मारलं. बंदूक उचलून वळेपर्यंत तिचा तळवा ब्लॉकवर! पुन्हा पुसलं, प्रायमरचा पहिला हात मारला, तर तिने ओल्यावरच बोटं टेकवली.

त्याने ब्लॉक पुन्हा कोरा केला. मग कपाटातून एक जुनी कडी शोधली आणि झोपायच्या खोलीच्या दाराला बाहेरून स्क्रूने बसवली. तिला आत बसवून ती लावली.

प्रायमर सुरू झाला आणि दार वाजायला लागलं.

"अहो! अहो, दार उघडा! ब्लॉक पुसायचा राहिलाय!"

"पुसला गं, मी पुसला!" तो मास्कमधून ओरडला. तिला ऐकू गेलं नसावं. आता थांबलो तर सगळं मुसळ केरात, असं मनाला बजावत तो फवारत राहिला. प्रायमर सुकला, रंगाचा हात चढला. मग दार वाजायचं थांबलं.

कडी काढली तेव्हा ती पलंगाच्या कडेला बसली होती. तळवे लाल झाले होते.

"दादा," ती हळूच म्हणाली, "माझे मालक आत काम करतायत. त्यांना जरा सांगाल का, मला इथे कोणीतरी कोंडलंय म्हणून?"

"सांगतो," तो म्हणाला.

इंजिन बसवून तापवून पाहिल्यावर गॅरेजमालक स्वतः सांगायला आला. "पापुद्रा सुटला नाही कुठे! याला म्हणतात हात. उद्या आणखी दोन ब्लॉक पाठवू?"

ती शेजारीच उभी होती, काही कळल्यासारखी हसत. रंगाऱ्याने तिच्याकडे पाहिलं. "पाठवा," तो म्हणाला.

गॅरेजमालक गेल्यावर त्याने स्क्रूड्रायव्हर घेतला आणि कडी उतरवली.

"काय करताय?"

"काही नाही. सैल झाली होती."

कडीचे चार स्क्रू फेकावेत की उद्याच्या ब्लॉकसाठी जपून ठेवावेत, हे त्याला ठरवता येईना. ते मुठीत धरून तो तिच्याशेजारी बसून राहिला.