त्यांचं इंजेक्शन, माझा हात

नर्स म्हणून निवृत्त झाले तेव्हा वाटलं, सुटले एकदाची सुयांतून. कुठलं काय! पुढे नवऱ्यालाच टोचायचं नशिबात होतं.

दोन वर्षं ते असून नसल्यासारखे होते. कापूस वेचणीला आला तरी बांधापर्यंत जाईनात, भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. मी चिडायचे, टोमणे मारायचे. शेवटी धुळ्याच्या डॉक्टरांनी दोनदा सकाळचं रक्त तपासलं आणि सांगितलं, टेस्टोस्टेरॉन फार कमी आहे, इंजेक्शन घ्यावं लागेल. गावात कळलं असतं तर पारावर वर्षभराची करमणूक झाली असती, म्हणून टोचायचं काम माझ्याकडे आलं.

हळूहळू माणूस परत आला. शेवभाजी तिखट नाही म्हणून भांडायला लागला. त्या भांडणाने मला किती बरं वाटायचं!

पण मला थोरले दीर दिसायचे. हार्ट अटॅकने ते आमच्याच ओसरीवर गेले होते, चहा पिता पिता. आता मी सुई भरायला घेतली की ते दारात उभे, घामाने शर्ट भिजलेला. त्यांनी हे इंजेक्शन कधी घेतलंही नव्हतं, पण भीतीला एवढं कुठे समजतं?

मी डॉक्टरांना खोदखोदून विचारलं. ते म्हणाले, "कमतरता खरीच असेल आणि तपासण्या वेळेवर होत असतील, तर याने हार्ट अटॅक वाढतात असं दिसलेलं नाही. पण रक्त घट्ट होऊ शकतं, ते बघत राहू. छातीत धडधडलं, दम लागला किंवा पाय सुजला तर लगेच या." माझी समजूत पटली. दीर मात्र दारातून हलले नाहीत.

पुढच्या तपासणीत रक्त घट्ट निघालं. डॉक्टरांनी इंजेक्शन थांबवलं. रक्त ताळ्यावर आलं की कमी डोस सुरू करू, म्हणाले. मला आधी हायसंच वाटलं. मग एके सकाळी ह्यांनी शेतातल्या पंपघराची किल्ली खुंटीवरून काढली, थोडा वेळ हातात धरली आणि परत टांगली.

दुपारी ते माझ्याजवळ येऊन बसले. "टोची दे ना व. डॉक्टरले काय कळस?"

"आनि तुमना भाऊनामायक तुमले काही व्हयनं तं?"

भावाचा विषय निघताच ते उठायला लागले. मी त्यांचा हात धरला. म्हटलं, "भिंतकडे तोंड करीसन पडी राहा, पन राहा. माले तितलं पुरे शे."

"तुले पुरे शे," ते म्हणाले. "माले नही."

मी इंजेक्शन दिलं नाही.